सहाव्या फेरीचा खरज

“पण पोरी, त्यो कण पडद्यावर आधीच जाऊन बसला न्हवं? मग त्याला नंतर विचारून काय फरक पडतोय?”

दस्तगीरचाचांनी हातातली कानस थांबवून विचारलं.

शर्वरी हसली. शिकलेली माणसं असं हसू खास न शिकलेल्यांसाठी राखून ठेवतात. त्यात वाईट काही नसतं, थोडी घाई असते.

“तेच तर कोडं आहे, चाचा. जगभर लोक त्यावर भांडतायत.”

“आन् तू?”

“मी भांडत नाही. मी मोजते.”

चाचा “बरं” म्हणाले आणि पुन्हा कानस चालवू लागले.

मिरजेत तंबोरे करणाऱ्यांच्या गल्लीत त्यांचं दुकान आहे. आढ्याला टांगून वाळवलेले भोपळे, खाली लाकडाचा भुसा आणि मधोमध चटईवर ऐंशी ओलांडलेले चाचा. लोक त्यांच्याकडे वाद्यं घेऊन येतात आणि जाताना मनातलं बरंच काही बोलून जातात. कुणी गुरुजी म्हटलं की चाचा चिडतात, म्हणून गल्लीनं त्यांचं नाव फकीर ठेवलंय. त्यावर मात्र ते खूश असतात.

शर्वरी कुंभोजकर पुण्याच्या एका प्रयोगशाळेत प्रकाशाचे कण मोजते. तिचे वडील म्हैसाळच्या शाळेत गाणं शिकवायचे. कुंभोजकर मास्तर दरवर्षी आपला तंबोरा सांभाळत एसटीनं मिरजेला यायचे, चाचांकडून त्याची जवारी काढून घ्यायला. भोपळ्यावरच्या घोडीला तार जिथे टेकते ती जागा घासूनघासून अशी करायची की सूर गुणगुणत राहावा. काम एवढंच. ते जमायला जन्म जातो.

मास्तर जाऊन दीड वर्ष झालं होतं. तंबोरा चाचांकडेच राहिला होता. परवा म्हैसाळचं बंद घर उघडलं, तेव्हा दाराच्या फटीतून आत सरकवलेलं एक पोस्टकार्ड शर्वरीला सापडलं. ‘तंबोरा तयार आहे. घेऊन जावा.’ खाली सही, दस्तगीर.

म्हणून ती आली होती. बाहेर गाडी उभी होती. दहा मिनिटांत निघायचंय, असं तिनं ड्रायव्हरला बजावलं होतं.

पण चाचांच्या दुकानाचा एक रिवाज आहे. नेणाऱ्यानं समोर बसून छेडल्याशिवाय इथलं वाद्य उंबरा ओलांडत नाही. मग तो मोठा गवई असो, नाहीतर बायकोनं पिटाळलेला नवरा असो.

“मला आता येत नाही, चाचा. वीस वर्षांत हात लावलेला नाही.”

“मग बस. हाताला आठवू दे.”

ती बसली. हाताला काही आठवेना. नुसतं बसून राहणं चाचांनाच जड गेलं असावं. त्यांनी विचारलं, मास्तर सांगायचे, पोरगी अंधारात बसून उजेड मोजते म्हणून, ते काय असतं? आणि असं कुणी विचारलं की शर्वरीला राहवत नाही. समोरच्याचं तोंड मिटायच्या आत तिचं उत्तर तयार असतं.

“पुन्हा सांगते,” ती म्हणाली. “दोन जुळे कण आहेत. एकाच वेळी जन्मलेले. पहिला पडद्याकडे जातो. वाटेत दोन फटी आहेत. तो कुठल्या फटीतून गेला, हे त्याच्या जुळ्याकडून काढून घेता येतं.”

“भावाची खबर भावाजवळ.”

“हो. पहिला पडद्यावर आदळतो, ठिपका उमटतो. त्याचं काम संपलं. दुसरा अजून वाटेतच आहे. आता मी ठरवते, त्याला काय विचारायचं. भाऊ कुठल्या फटीतून गेला ते विचारायचं, की ती खबर कायमची पुसून टाकायची.”

“पुसली तर?”

“तर त्या ठिपक्यांत पट्टे दिसतात. पाण्यावरच्या लाटांसारखे. पहिला कण जणू दोन्ही फटींतून गेला होता. न पुसता विचारलं, तर पट्टे नाहीत. नुसता ढीग.”

“ठिपके तर आधीच उमटलेत.”

“आधीच.”

“मग ते हलतात व्हय?”

“एकही हलत नाही.”

चाचांनी कानस खाली ठेवली.

“मग पट्टे कुठनं आले?”

हा प्रश्न शर्वरीला आवडला. तिच्या विद्यार्थ्यांना इथवर यायला एक वर्ष लागतं.

“निवडण्यातून. सगळे ठिपके एकत्र बघितले तर काहीच दिसत नाही, सगळा धुरळा. दुसऱ्या कणाचं उत्तर हातात आलं की मग कळतं, कुठला ठिपका कुणाबरोबर घ्यायचा. तसे वेगळे काढले की पट्टे दिसायला लागतात. लोक म्हणतात, नंतरच्या प्रश्नानं आधीचं बदललं. मी दोन वर्षं मोजून दाखवलंय की तसं काही होत नाही. मागे काही जात नाही, चाचा.”

“न्हाई जात?”

“नाही.”

चाचा उठले. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश. भिंतीशी टेकवलेला मास्तरांचा तंबोरा त्यांनी आणला आणि पुन्हा चटईवर बसून खांद्याला लावला.

त्यांनी शेवटची तार छेडली. सगळ्यात जाड, खरजाची.

सूर दुकानभर पसरला. आढ्याचे भोपळेसुद्धा किंचित गुणगुणल्यासारखे वाटले.

तो चालू असतानाच चाचांनी दुसऱ्या हाताचं बोट तारेवर टेकवलं. अगदी मध्ये नाही, तिसऱ्या हिश्श्यावर. टेकवलं आणि लगेच उचललं.

खरज गेला. त्याच तारेतून आता पंचम येत राहिला, बारीक आणि स्वच्छ.

“मी काय छेडलं?”

“खरज.”

“आन् वाजतंय काय?”

“पंचम. चाचा, हे आम्ही पहिल्या वर्षाला शिकवतो. तारेत ते सगळे स्वर एकदमच असतात. तुम्ही बोट ठेवलंत, तिथे ज्यांची हालचाल होती ते बंद झाले. उरला तो ऐकू येतोय.”

“बोट कवा ठेवलं? छेडायच्या आधी?”

“नंतर.”

“मग ह्यो पंचम आधीपासनं होता?”

“होता. पण...”

“पण काय?”

“पण त्यात मागे काही गेलं नाही!”

“मी कुठं म्हणतोय गेलं?”

शर्वरीचा आवाज तिला स्वतःलाच मोठा वाटला. बाहेर ड्रायव्हरनं मान वळवून आत बघितलं.

चाचांनी तंबोरा मांडीवर आडवा घेतला.

“एवढी कशाला चिडतीस, बेटा? कुणी म्हणालं का तुला, मागं जातंय म्हणून?”

“कुणी नाही म्हणालं.”

“मग जावं असं वाटतंय.”

...

 शर्वरी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिली. गुंडाळून झाला की सोडायची आणि पुन्हा गुंडाळायची.

चाचांनी थर्मासमधला चहा दोन कपांत ओतला. एक तिच्यापुढे सरकवला. घे म्हणाले नाहीत.

“सोमवारी माझा शोधनिबंध पाठवायचाय,” ती म्हणाली. “दोन वर्षांचं काम. सगळं तयार आहे. एक रकाना सोडून.”

तिनं पिशवीतून एक जाड वही काढली. दीड वर्ष ही वही तिच्या पिशवीतच असते. तिनं पान उघडून चाचांच्या पुढे धरलं. चाचांचा चष्मा खिशात होता, तो त्यांनी तिथेच राहू दिला.

“वाचून दाखव.”

“मोजताना कधी गडबड होते. कुठून तरी उजेड शिरतो, कधी वीज जाते. तेवढी मोजणी बाद करायची आणि ह्या शेवटच्या रकान्यात कारण लिहायचं. कारण न लिहिता बाद केली तर ती लबाडी.”

“बरोबर हाय.”

“ह्या ओळीत काही सेकंद असे आहेत. एकदम हजारो कण जास्त आलेत. कारण कोरं आहे. माझे सहकारी म्हणतात, यंत्रातच दोष असणार. दोनदा त्यांनी सगळं यंत्र उघडून बघितलं. काही सापडलं नाही.”

“तुला ठाऊक हाय कारण.”

“हो.”

...

“माझा फोन होता.”

लॅबच्या दारावर पाटी आहे, ‘फोन बाहेर ठेवा’. ती शर्वरीनंच लावलेली. जो विसरेल त्याला ती सगळ्यांदेखत फैलावर घ्यायची. त्या दिवशी तीच विसरली. फोन आत, पलीकडच्या फळीवर राहिला. चार चाळीसला तो उजळला. आवाज बंद होता, पण एकेक कण मोजणाऱ्या यंत्राला फोनच्या पडद्याचा उजेड म्हणजे भर दुपार. टेबलावर दोन महिने खपून लावलेले आरसे होते. त्यांना धक्का लागू न देता, अंधारात चाचपडत, पावलापावलानं ती फळीपर्यंत गेली. पडद्यावर नाव होतं, आबा. तिनं फोन कापला आणि मोजणी चालू ठेवली.

“सातला शेजारच्या काकांचा फोन आला. आबा खुर्चीतच गेले होते. डॉक्टर म्हणाले, दुखणं दुपारपासूनच सुरू असणार.”

इथवर तिनं आकडे सांगावेत तसं सांगितलं. मग तिला ते जमेना.

“त्यांनी मला हाक मारली, चाचा. घरात एकटे होते, छातीत दुखत होतं, आणि त्यांनी मला फोन केला. आणि मी... उजेड नको म्हणून कापला.”

चाचांनी आपला कप खाली ठेवला.

“त्यांचं काहीही आठवलं तरी शेवटी तो फोनच येतो. मला सायकलवर पुढे बसवून सूर म्हणायला लावायचे, ते आठवतं. लगेच तो फोन. पुण्याला सोडायला आले तेव्हा एसटीत माझी ट्रंक पायाशी घेऊन बसले होते, ते आठवतं. तर पुन्हा तो फोन. एक दिवस सुटा म्हणून उरला नाही माझ्याकडे.”

तिनं पदरानं डोळे पुसले. चहावर साय धरली होती.

“चार चाळीस म्हणालीस?” चाचांनी विचारलं.

“हो.”

“वार कुठला?”

“गुरुवार.”

चाचांनी तिच्याकडे बघितलं. मग चटईकडे बघितलं.

“बेटा, मास्तर त्या टायमाला घरात न्हवते.”

“मग कुठे होते?”

“तू बसलीस तितं.”

...

शर्वरीनं खाली बघितलं. जुनी चटई, कडेला उसवलेली. तिचा हात आपोआप त्या उसवलेल्या कडेवर गेला.

“सकाळपासनं हितंच होते,” चाचा म्हणाले. “दर वर्षाला येत होते तसेच आले. त्या दिवशी जवारी लागता लागेना. चारपाच येळा उतरवली, पुन्हा लावली. साडेचार झाले आन् एकदम लागली. अशी लागली की मीच कानस टाकली. मास्तर म्हणाले, दस्तगीर, असा तंबोरा जन्मात ऐकला न्हाई, पोरीला ऐकवतो. फोन लावला आन् हितं, भोपळ्याला टेकवून ठेवला. घंटी वाजायला लागली तसं त्यांनी छेडायला घेतलं. तू उचललास की थेट सूरच कानात पडंल, म्हणून.”

“बोलणार नव्हते?”

“बोलायचं काय त्यात? म्हणाले, चारी तारांच्या पाच फेऱ्यांत उचलती बघ ती.”

“आणि?”

“पाच झाल्या. सहाव्या फेरीच्या दोन तारा छेडल्या आन् फोन बंद पडला. त्यांनी हात तितंच थांबवला. हसले. म्हणाले, पोरीचा अंधार चालू असंल. तार अजून नवी हाय, दोन दिवस ताणात राहू दे, शनिवारी नेतो म्हणाले आन् पाचच्या गाडीला गेले.”

 शर्वरीचा चेहरा एकदम कठीण झाला. आयुष्यभर पुरावे मागत आलेली बाई ती.

“तुम्ही माझं मन राखायला सांगताय हे.”

आता मात्र चाचा खरोखर रागावले.

“जवारीबद्दल मी खोटं बोलत न्हाई.”

“मग दीड वर्ष का नाही सांगितलंत?”

“कुणाला सांगू? म्हैसाळला कार्ड टाकलं. मला काय ठाऊक, तू एका फोनवर अडून बसलीस? मला वाटलं, बापाचा तंबोरा विसरली. तुझ्यावर राग धरून बसलो होतो मी!”



“त्यांना तेव्हा दुखत होतं का?” तिनं हळूच विचारलं. “छातीला हात लावत होते? घाम आला होता?”

...

“सांगता यायचं न्हाई, बेटा.”

“आठवून बघा ना.”

“आठवायला आधी बघायला पायजे होतं. मी ऐकत होतो. जवारी ऐकताना मी डोळे मिटतो.”

“म्हणजे दुखतही असेल.”

“असंल.”

“आणि तरी ते...”

“आन् तरी छेडत होते. फोन बंद पडला तवा डोळे उघडले मी. हसत होते. तेवढंच बघितलं. त्याच्या आधीचं मागू नगंस माझ्याकडं, ते माझ्याजवळ न्हाई.”

शर्वरीनं मान हलवली. हे उत्तर तिला पटलं, कारण अशीच उत्तरं ती स्वतः देते.

मग तिनं मनगटावरचं घड्याळ काढून चटईवर ठेवलं.

“चाचा, आबांच्या चालीनं छेडा. घंटी वाजल्यापासून बंद पडेपर्यंत. जसं तेव्हा झालं तसं.”

“घड्याळ कशाला?”

“असू द्या.”

चाचांनी तंबोरा खांद्याला लावला आणि डोळे मिटले. मास्तरांची चाल संथ होती. पंचम, मग जोडाचे दोन षड्ज, मग खरज. एक फेरी झाली. सूर विरायच्या आत दुसरी. शर्वरी सेकंदकाट्याकडे बघत होती आणि तिचे ओठ हलत होते.

तिसऱ्या फेरीला तिचे ओठ थांबले.

तिला हॉस्टेल आठवलं. रेक्टरच्या खोलीबाहेरचा फोन, रविवारची सकाळ, मागे मुलींची रांग. ती रिसीव्हर कानाला लावायची आणि पलीकडून कुणी बोलायचंच नाही. नुसता तंबोरा वाजायचा. “आबा, बोला की लवकर, रांग आहे!” ती कुजबुजायची. आणि आबा म्हणायचे, “बोलतोय की मघापासून.” दर रविवारी. तीन वर्षं. हे तिला दीड वर्षात एकदाही आठवलं नव्हतं. आणि आता ते आठवलं तर त्याच्या पाठोपाठ तो फोन आला नाही, सायकल आली. मग सायकलच्या दांडीवर बसून म्हटलेला पहिला षड्ज आला, आणि एसटीतली ट्रंक, आणि ट्रंकेवर बोटांनी ठेका धरणारे आबा.

पाचवी फेरी झाली. सहावीचा पंचम. जोडाचा पहिला षड्ज.

चाचांचा हात थांबला. डोळे मिटलेलेच होते.

“हितं,” ते म्हणाले. “कितीला थांबलो?”

“बावीस,” शर्वरी म्हणाली. तिनं घड्याळाकडे पुन्हा बघितलं. “बावीस सेकंद.”

“आन् तुझ्या वहीत?”

तिनं वही फिरवून धरली. आता चाचांनी चष्मा लावला. ओळीवर बोट ठेवून आकडा बघितला. बावीसच होता. चष्मा काढून ते पुसत बसले.

मग शर्वरी रडली. आवाज करून, लहान मुलासारखी, पिशवी छातीशी धरून. दीड वर्षात ती अशी रडली नव्हती. चाचांनी तिला रडू दिलं. ड्रायव्हर दारापर्यंत आला होता, त्याला त्यांनी हातानंच परत पाठवलं.

पुरेसं रडून झाल्यावर तिनं नाक पुसलं, पेन काढलं आणि वही गुडघ्यावर घेतली. ‘कारण’ लिहिलेल्या रकान्यात तिनं एक ओळ लिहिली.

“वाच,” चाचा म्हणाले.

“शर्वरीचा फोन आत राहिला होता. आबा तंबोरा ऐकवत होते.”

“जवारी चांगली लागली होती, तेबी लिही.”

ती रडतारडता हसली.

“हे छापत नाहीत, चाचा.”

“न छापू देत. वहीत तर राहील.”

तिनं तेही लिहिलं.

“उद्या सगळ्यांना सांगावं लागेल, यंत्रात काही दोष नव्हता म्हणून. दीड वर्ष मी त्यांना शोधू दिलं.”

“सांग की.”

“ओरडतील.”

“तू कमी ओरडलीस व्हय दुसऱ्यांवर? मास्तर सांगायचे मला.”

शर्वरीनं वही मिटली. 

“ठिपके तेच आहेत,” ती म्हणाली. “तेवढेच हजार. एकही इकडचा तिकडे झाला नाही. मी दोन वर्षं हेच सिद्ध करतेय. मग आज सकाळपर्यंत ते दुखत होतं म्हणून फोन करत होते, आणि आता... आता ते तसं कधी नव्हतंच. हे काय झालं, चाचा? कधी झालं? तेव्हा, की आत्ता?”

चाचांनी तंबोरा उचलला आणि तिच्या मांडीवर ठेवला. तिचा खांदा धरून किंचित मागे केला, दांडी नीट टेकवली.

“रिवाज राहिलाय,” ते म्हणाले.

“पहिल्यापासून छेडू?”

“पहिल्यापासनं कशाला? पाच फेऱ्या झाल्यात. सहावीच्या दोन तारा बी झाल्यात. फुडनं घे.”

शर्वरीनं तारांवर बोट नेलं.  आणि हाताला आठवलं. कोपर कुठे टेकायचं, बोट तारेला अडकवायचं नाही, नुसतं तिच्यावरून उतरू द्यायचं. सायकलवरून उतरल्यावर अंगणात शिकवलेलं.

तिनं जोडाचा दुसरा षड्ज छेडला.

मग खरज.

तो उठला आणि दुकानभर भरून राहिला. तिच्या पाठीत, मांडीवरच्या भोपळ्यात, चटईच्या त्या उसवलेल्या कडेपर्यंत. घोडीवर तार हलकेच टेकत होती, उठत होती, आणि प्रत्येक टेकण्यासरशी त्यातून वरचे सूर निघत होते. जवारी खरंच फार चांगली लागली होती.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. तिनं तिकडे बघितलं नाही.

“फार उशीर झाला, चाचा,” ती म्हणाली.

चाचांचे डोळे मिटलेले होते. त्यांनी एक बोट वर केलं.

“अजून वाजतोय. संपला की म्हण.”